येणं, देणं आणि बक्षीस : एका शिपायाच्या आठवणी वाचताना



मागच्या वेळी कृतज्ञतेवर बोलून झाल्यावर शेवटच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं होतं, "सर, कृतज्ञता हे जर कर्तव्य असेल, तर ती वसूल करता येते का?" वेळ संपत आली होती. आम्ही काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन सुटलो. घरी गेल्यावर मात्र त्या प्रश्नानं पाठ सोडली नाही. आज त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करणार आहोत, आणि तो एका पुस्तकाच्या आधारानं. पुस्तक तत्त्वज्ञानाचं नाही. एका साध्या शिपायानं म्हातारपणी लिहिलेल्या आठवणी आहेत.

जोसेफ प्लम्ब मार्टिन हे त्याचं नाव. जन्म १७६० चा. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात १७७६ च्या उन्हाळ्यात, पंधरा वर्षांचा असताना, सहा महिन्यांसाठी भरती झाला. घरी परतला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा गेला, तो या वेळी युद्ध संपेपर्यंत. यॉर्कटाउनच्या वेढ्यात तो सुरुंग आणि खंदक खणणाऱ्या पलटणीत सार्जंट होता. १७८३ मध्ये मोकळा झाला. आणि १८३० मध्ये, सत्तरीत, त्यानं मेन राज्यातल्या हॅलोवेल गावातून आपल्या आठवणी छापल्या. पुस्तकावर स्वतःचं नावही घातलं नाही. ते फारसं खपलं नाही. विसरलं गेलं, आणि १९६२ मध्ये नव्यानं छापलं गेल्यावर इतिहासकारांच्या हाती पुन्हा लागलं. आज त्या युद्धावरचं कुठलंही पुस्तक उघडा, मार्टिन भेटतोच.

पण बहुतेक लोक त्याला साक्षीदार म्हणून वापरतात. थंडी कशी होती, उपासमार कशी होती, तोफा कशा उडाल्या, एवढं त्याच्याकडून घेतात. पुस्तकाच्या शेवटी तो जी तक्रार मांडतो, तिला म्हाताऱ्याची कुरकुर समजून पानं उलटतात. आमचं म्हणणं बरोबर उलटं आहे. ती शेवटची पानं हीच या पुस्तकाची किल्ली आहे. ती नीट वाचली नाहीत तर आधीचं सगळं पुस्तक म्हणजे नुसत्या हालअपेष्टांच्या गोष्टी वाटतात.

त्या पानांत आहे काय? हिशेब आहे. भरती होताना सरकारनं काय देऊ केलं होतं आणि प्रत्यक्षात काय मिळालं. महिन्याला पावणेसात डॉलरच्या आसपास पगार, रोजचा शिधा, दरवर्षी कपडे, आणि युद्ध संपल्यावर शंभर एकर जमीन. एकेक बाब तो घेतो आणि तिच्यापुढे मिळकत मांडतो. आपल्या वाण्याच्या खतावणीसारखं. मग मागे वळून पाहिलं की कळतं, आधीच्या प्रकरणांतली ती सततची भूक म्हणजे या खतावणीतल्या नोंदी होत्या. अमुक दिवशी खायला मिळालं नाही, म्हणजे अमुक दिवसाचं येणं बाकी.

'येणं' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतोय. मराठीत याबाबत मोठी सोय आहे. दुसऱ्याकडून आपल्याला मिळायचं ते येणं. आपण दुसऱ्याला द्यायचं ते देणं. पण 'देणं' म्हणजे नुसतं कर्ज नव्हे. 'निसर्गाचं देणं' म्हणतो तेव्हा ती देणगी असते. एकाच शब्दात कर्जही आहे आणि दानही. शिपायांना दिल्या जाणाऱ्या जमिनीला आणि रोख रकमेला इंग्रजीत जो शब्द होता, त्याचाही मूळ अर्थ औदार्य असाच आहे. आपण त्याला बक्षीस म्हणू, इनाम म्हणू. आजचा सगळा वाद या शब्दांच्या मधल्या फटीत आहे : शिपायाला जमीन दिली ती बक्षीस म्हणून, की ते त्याचं येणं होतं?

आता वस्तुस्थिती काय होती ते पाहू.

सप्टेंबर १७७६ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं ठराव केला. जो युद्ध संपेपर्यंत लढेल अशा शिपायाला वीस डॉलर रोख आणि शंभर एकर जमीन. अधिकाऱ्यांना हुद्द्याप्रमाणे : एन्साइनला दीडशे एकर, लेफ्टनंटला दोनशे, कॅप्टनला तीनशे, असं चढत चढत कर्नलला पाचशे. जो लढाईत मारला जाईल त्याची जमीन त्याच्या वारसांना. पुढे १७८० मध्ये यात जनरलांची भर पडली : मेजर जनरलला अकराशे एकर.

ही कल्पना नवी नव्हती. १७६३ च्या घोषणेत इंग्लंडच्या राजानंही फ्रेंचांशी लढलेल्या साध्या शिपायाला पन्नास एकर आणि वरच्या अधिकाऱ्याला पाच हजार एकर देऊ केले होते. नवी गोष्ट वेगळीच होती. १७७६ मध्ये हा ठराव करणाऱ्या काँग्रेसच्या मालकीची एक एकरसुद्धा जमीन नव्हती! कर बसवायचा अधिकार नव्हता, खजिना रिकामा होता, आणि वाटायला काढलेली जमीन होती पश्चिमेला, जिच्यावर काही राज्यं आपापला दावा सांगत होती आणि जिथे प्रत्यक्षात मूळ अमेरिकन लोक राहत होते. मेरीलँडसारख्या, पश्चिमेत दावा नसलेल्या राज्यानं लगेच हरकत घेतली, की ही जमीन आम्ही आणायची कुठून? म्हणजे सातबारा कुणाच्याच नावावर नाही, आणि वाटप मात्र ठरलेलं.

वचन देणाऱ्याकडे वचनातली वस्तू नसेल, तर ते वचन खोटं ठरतं का? तसं लगेच म्हणता येणार नाही. बी पेरायच्या आधी शेतकरीही पिकाच्या भरवशावर कर्ज घेतो. पण मग त्याचा अर्थ स्पष्ट असतो : पीक आलं की पहिलं देणं फेडायचं. काँग्रेसच्या बाबतीत पीक आलं तेव्हा काय झालं, ते पुढे पाहू.

आधी मार्टिनच्या भरतीचा प्रसंग. १७७७ मध्ये त्याच्या भागात माणसांचे गट पाडले होते आणि प्रत्येक गटानं सैन्याला एक माणूस पुरवायचा होता. कुणालाच जायचं नव्हतं. मग गट कोणाला तरी पैसे देऊन पाठवायचा. मार्टिनच्या मागे हे लोक लागले. त्यानं विचार केला की जाणं काही टळत नाही, मग निदान भाव तरी बरा घ्यावा. त्यांनी ठरलेले पैसे दिले, आणि रक्कम किती होती ते आपण विसरलो, असं तो सांगतो.

बघा, इथे त्याच्या बोलण्यात देशभक्तीचा अभिनिवेश नाही. बाजार आहे. स्वतःच्या देहाचा सौदा त्यानं केला हे तो लपवत नाही. आणि गंमत म्हणजे शेजाऱ्यांनी कबूल केलेले पैसे मिळाले, म्हणून तो रक्कम विसरला. सरकारनं कबूल केलेलं मिळालं नाही, म्हणून त्रेपन्न वर्षांनंतरही त्याला शिध्याचं एकेक माप पाठ आहे. फिटलेलं येणं माणूस विसरतो. राहिलेलं विसरत नाही.

काही टीकाकार म्हणतील की पैशासाठी गेलेल्या माणसानं नंतर देशाच्या कृतघ्नतेबद्दल बोलावं हे विसंगत आहे. एक तर तू मजूर हो, नाहीतर हुतात्मा हो. आम्हाला हा आक्षेप पटत नाही. मजुरीसाठी काम करणारा मजुरी मागतो तेव्हा तो कृतज्ञता मागत नसतो. मार्टिनच्या संतापाचं कारण हेच आहे, की त्याला मजुरीच्या जागी भाषणं मिळाली. दर चार जुलैला वीरांच्या नावानं पेले उंचावणारे लोक शिपायांना पेन्शन द्यायची वेळ आली तेव्हा बोटं मोडत होते. कामाला लावून निकामी झाल्यावर सोडून दिलेल्या म्हाताऱ्या घोड्यांची उपमा तो स्वतःला आणि सोबत्यांना देतो. आपल्याकडे निदान पांजरपोळ असतात. त्याची तक्रार अशी, की आम्हाला चरायलाही जागा ठेवली नाही.

आता रोख पैशाकडे वळू. युद्ध संपलं तेव्हा शिपायांच्या हाती पगाराऐवजी सरकारी रोखे ठेवले. पुढे कधीतरी सरकार पैसे देईल, अशी चिठ्ठी. मार्टिन लिहितो की घरी जाताना अंगावर धड कपडे असावेत म्हणून त्यानं त्यांतले काही विकले. त्याच्यासारख्या हजारोंनी विकले. भाव इतका पडला होता की काही वेळा रुपयाचा रोखा दोन आण्याला जात होता. ते विकत घेणारे लोक शहरांतले, थांबायची ऐपत असलेले.

मग १७९० साल उजाडलं. नवी राज्यघटना, नवं सरकार, कर बसवायचा अधिकार. पीक आलं! अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी जानेवारीत अहवाल मांडला : सगळे रोखे दर्शनी किमतीच्या आधारावर मान्य करायचे आणि आज ज्याच्या हातात रोखा आहे त्यालाच त्याचे पैसे द्यायचे. जेम्स मॅडिसन यांनी फेब्रुवारीत त्याला विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की आजच्या धारकाला बाजारातला चढा भाव द्या, आणि उरलेली रक्कम ज्या शिपायाला तो रोखा मुळात मिळाला होता त्याला द्या. मतदान झालं. मॅडिसन ३६ विरुद्ध १३ असे हरले.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यानं हा वाद जरूर अभ्यासावा. दोन्ही बाजूंना वजन आहे. हॅमिल्टनची बाजू : रोखा हस्तांतरणीय होता. विकणाऱ्यानं राजीखुशीनं विकला, घेणाऱ्यानं धोका पत्करून घेतला. आता सरकारनं मागाहून नियम बदलला तर सरकारच्या शब्दावर पुन्हा कोण विश्वास ठेवील? शिवाय मूळ धारक शोधायचे कसे, ही व्यवहारातली अडचण. आणि मॅडिसनबद्दलही खरं ते सांगायला हवं : सात वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच असा भेद करायला विरोध केला होता.

तरीही आम्ही मॅडिसनच्या बाजूला आहोत. कारण सांगतो. हॅमिल्टनचा सगळा युक्तिवाद 'राजीखुशीनं' या शब्दावर उभा आहे. समजा, आम्ही तुमचे शंभर रुपये देणं लागतो. ते आम्ही वर्षानुवर्षं देत नाही. त्यामुळे तुमच्या घरात चूल पेटत नाही. म्हणून तुम्ही आमची चिठ्ठी शेजाऱ्याला बारा रुपयांना विकता. मग आम्ही श्रीमंत होतो आणि शेजाऱ्याला शंभर देतो. आणि तुम्हाला म्हणतो, तुम्ही राजीखुशीनं विकलीत! अहो, तुमची गरज निर्माण केली ती आम्हीच. ऋणकोच्या दिरंगाईनं धनको अगतिक झाला, तर त्या अगतिकतेचा आधार ऋणकोला घेता येत नाही. शेजाऱ्याचा त्यात दोष असेल वा नसेल. आमचा आहेच.

"पण गरीब, नवजात देश देणार कुठून?" हा प्रश्न नेहमी येतो. जे करता येत नाही ते कर्तव्य ठरत नाही, हे तत्त्व आम्हाला मान्य आहे. १७८३ मध्ये देता येत नव्हतं, हेही मान्य. पण १७९० मध्ये दिलं की! फक्त दुसऱ्यांना दिलं.

जमिनीचं काय झालं, तेही जवळजवळ असंच. काँग्रेसनं ओहायोत शिपायांसाठी मोठा पट्टा राखून ठेवला, त्याचा कायदा झाला १७९६ मध्ये. म्हणजे ठरावानंतर वीस वर्षांनी. आणि त्यात अट अशी, की जमीन घ्यायची तर कमीत कमी चार हजार एकरांचा तुकडा घ्यायचा. साध्या शिपायाजवळ शंभर एकरांचा कागद. म्हणजे चाळीस शिपायांनी एकत्र यायचं, आणि ते तर देशभर विखुरलेले. यातून मार्ग एकच : कागद दलालाला विका. शंभर एकरांचे तुकडे पाडायची सोय १८०० मध्ये झाली, तोवर कित्येकांनी कागद विकून टाकले होते. मार्टिनचा सगळ्यात कडवट शेरा याच दलालांबद्दल आहे. आपली जमीन आहे कुठे आणि ती मिळवायची कशी, हे सांगायला सरकारनं कुणी माणूस नेमला नाही, पण ती विकत घ्यायला मात्र माणसं दारोदार हिंडत होती, असं तो म्हणतो.

यात नवल नाही. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांनी आधीच्या युद्धातल्या सोबत्यांचे जमिनीचे हक्क विकत घेतले होते. १७७० मध्ये त्यांनी भावाला लिहिलं, की असे हक्क स्वस्तात मिळतात का याची चौकशी कर, पण कोणासाठी घेतोयस ते कळू देऊ नकोस. त्या जुन्या वचनातून त्यांच्या नावावर वीस हजार एकरांहून जास्त जमीन झाली. आम्हाला कुणाला खलनायक ठरवायचं नाही. यंत्रणेचं काम कसं चालतं ते दाखवायचं आहे. एकाच वचनाची किंमत, ज्याला थांबता येतं त्याच्यासाठी वेगळी असते, आणि ज्याला थांबता येत नाही त्याच्यासाठी वेगळी.

मार्टिन स्वतः मेन राज्यात जाऊन राहिला. तिथे त्यानं मोकळी दिसलेली जमीन कसायला घेतली. तीही शंभर एकरच, योगायोग बघा. त्या जमिनीवर हक्क सांगत आले जनरल हेन्री नॉक्स : युद्धातले तोफखान्याचे प्रमुख, पुढे युद्धमंत्री. त्यांच्या पत्नीच्या माहेरकडून आलेल्या जुन्या पट्ट्यात ही सगळी जमीन येत होती. मार्टिनला किंमत चुकती करता आली नाही, आणि हळूहळू जमीन गेली. गावचा कारभार लिहिणारा कारकून म्हणून त्यानं अनेक वर्षं काम केलं, पण पेन्शनचा अर्ज करायची वेळ आली तेव्हा त्याच्या मालमत्तेत दोन गाई, सहा मेंढ्या आणि एक डुक्कर एवढंच होतं.

पेन्शनचा कायदा झाला १८१८ मध्ये. साध्या शिपायाला महिन्याला आठ डॉलर. पण अट होती गरजू असण्याची. अर्ज भरमसाट आले, म्हणून १८२० मध्ये नवी अट आली : घरात काय काय आहे त्याची यादी शपथेवर द्या. इथे आम्ही जरा थांबतो, कारण हा भाग आम्हाला जवळचा आहे. दर नोव्हेंबरला आम्ही बँकेत हयातीचा दाखला द्यायला जातो. काउंटरवरची मुलगी विचारते, "काका, अंगठा इथे." आपण जिवंत आहोत एवढं सिद्ध केलं की काम झालं. (हशा) त्यात मानहानी नाही, कारण पेन्शन आमचं येणं आहे हे दोघांनाही मान्य आहे. मार्टिनला काय सिद्ध करावं लागलं? तो लढला हे तर हवंच, पण तो कंगाल आहे हेही. येणं मागणाऱ्याला सावकार विचारत नाही की तू गरीब आहेस का. हा प्रश्न फक्त भीक मागणाऱ्याला विचारतात. त्या एका अटीनं देण्याचं दान झालं. गरजेची अट १८३२ च्या कायद्यानं गेली. मार्टिनचं पुस्तक १८३० चं आहे, म्हणजे तो लिहीत होता तेव्हा ही लढाई चालूच होती. म्हणून ती शेवटची पानं कुरकुर नाही. तो युक्तिवाद आहे.

आणि कुटुंबं? १७८० च्या ठरावानं अधिकाऱ्यांच्या विधवांना आणि अनाथ मुलांना सात वर्षं अर्धा पगार मिळायचा होता. साध्या शिपायाच्या विधवेला त्यात जागा नव्हती. तिला सर्वसाधारण पेन्शन मिळू लागली १८३६ च्या कायद्यानं, तीही लग्न त्याची नोकरी संपण्याआधी झालेलं असेल तरच. पुढे ही मुदत एकेका कायद्यानं सैल होत गेली आणि १८५३ मध्ये लग्नाच्या तारखेची अट गेली. पण लग्न सिद्ध करायचं कशानं? खेड्यापाड्यांत नोंदी नव्हत्या. मग बायकांनी घरच्या बायबलमधली, जन्म आणि लग्नं लिहून ठेवलेली पानं फाडून वॉशिंग्टनला पाठवली. ती पानं आजही तिथल्या दप्तरखान्यात आहेत. त्या युद्धातल्या शिपायाची पेन्शन घेणारी शेवटची विधवा १९०६ मध्ये वारली. युद्ध संपून १२३ वर्षं झाली होती.

आपल्याकडेही त्याच शतकात पेशवे दप्तरात 'बालपरवेशी' हा शब्द आढळतो. लढाईत पडलेल्या माणसाच्या मुलाबाळांच्या पोटासाठी दिलेली नेमणूक. शब्दातच बघा, शौर्याचा उल्लेख नाही, मुलांचं पोसणं आहे. आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सढळ हातानं इनामं देण्याविरुद्ध राजाला बजावलेलं आहे, कारण जमीन देत गेलं तर राज्यच कमी होत जातं. दोन्हीकडची व्यवस्था सारखी होती असं आम्ही म्हणत नाही. आपल्याकडे बहुतेकदा जमिनीच्या उत्पन्नावरचा हक्क दिला जाई, तिकडे जमीनच कायमची. पण अमात्यांना जी चिंता होती ती काँग्रेसला का नव्हती? कारण अमात्य आपल्या राज्यातली जमीन देण्याबद्दल बोलत होते. काँग्रेस दुसऱ्याची देत होती.

इथे आम्हाला मार्टिनवरही टीका करायची आहे. त्याच्या खतावणीत एक रकाना नाही. जी शंभर एकर जमीन तो मागतो, ती होती कोणाची?

न्यूयॉर्क राज्यानं आपल्या शिपायांना देण्यासाठी फिंगर लेक्स भागात सुमारे पंधरा लाख एकर जमीन १७८२ मध्ये वेगळी काढली. प्रत्येक साध्या शिपायाला सहाशे एकर. तिथे ऑनोन्डागा आणि कयुगा लोक राहत होते. त्यांच्याशी जमिनीचे करार झाले १७८८ आणि १७८९ मध्ये. वाटायचं आधी ठरलं, घेतलं नंतर. पुढे त्या जमिनीचे तालुके पाडले आणि त्यांना नावं दिली होमर, ओव्हिड, सिसेरो, आणि शेती करायला परतलेल्या रोमन सेनापतीच्या नावावरून सिनसिनाटस. एका तालुक्याचं नाव आहे लॉक. होय, आपले जॉन लॉक! ज्यांनी सांगितलं की माणूस जमिनीत आपले श्रम मिसळतो आणि त्यामुळे ती त्याची होते.

आता लॉकचाच नियम लावू. १७७९ मध्ये जनरल सुलिव्हनच्या फौजेनं याच प्रदेशात चाळीसेक गावं जाळली. मक्याची उभी शेतं कापली, फळबागा तोडल्या. त्या मोहिमेतल्या शिपायांनी आपल्या रोजनिशीत त्या बागांचं आणि सुपीक जमिनीचं कौतुक लिहून ठेवलंय. म्हणजे श्रम मिसळलेले होते. पुरावा तोडणाऱ्यांच्याच हस्ताक्षरात आहे. लॉक तालुक्यात लॉकचा नियम लावला असता तर एकाही शिपायाला जमीन देता आली नसती. आणि ओनायडा लोकांची गोष्ट तर याहून बोचरी. ते अमेरिकनांच्या बाजूनं लढले होते. त्यांची जमीन त्यांनाच राहील असं वचन १७८४ च्या तहात दिलं गेलं. चार वर्षांत त्यातली बहुतेक जमीन न्यूयॉर्क राज्यानं घेतली.

आणि व्हर्जिनियाचा कायदा ऐका. १७८०-८१ च्या हिवाळ्यात, भरती होईना म्हणून, शेवटपर्यंत लढणाऱ्याला तीनशे एकर जमीन आणि त्यासोबत एक निरोगी गुलाम, किंवा तो नको असेल तर साठ पौंड, असं बक्षीस जाहीर झालं. स्वातंत्र्याच्या लढाईचं बक्षीस म्हणून माणूस! त्याची चर्चा चालू असतानाच मॅडिसननी मित्राला लिहिलं होतं, की त्यापेक्षा त्या काळ्या माणसांनाच मुक्त करून सैनिक का करू नये? विचार सुचला नव्हता असं नाही. सुचला, आणि बाजूला ठेवला.

यामुळे मार्टिनचं येणं खोटं ठरतं का? नाही. त्यानं श्रम दिले, शब्द घेतला, शब्द पाळायला हवा होता. पण शब्द पाळायचा तो स्वतःच्या खिशातून. सरकारजवळ दोन मार्ग होते : कर बसवून सुस्थितीतल्या लोकांकडून घ्यायचं, किंवा ज्यांना मत नाही त्यांच्याकडून घ्यायचं. जमिनीचं बक्षीस स्वस्त वाटलं, कारण किंमत चुकवणारे हिशेबाच्या कागदावर नव्हतेच. जे स्वतःवर झालेल्या अन्यायाचा इतका चोख हिशेब ठेवतं, अशा पुस्तकालाही तो रकाना सुचू नये, हे आम्हाला या वाचनातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं वाटतं. तो दुष्ट होता म्हणून नाही. तो आपल्यासारखा होता म्हणून.

तर बाई, तुम्ही आज आला असाल तर हे तुमच्यासाठी. कृतज्ञता वसूल करता येत नाही. केली तर ती कृतज्ञता राहत नाही. पण म्हणूनच सरकारांना आणि मालकांना ती फार आवडते. जे देणं आहे त्याला बक्षीस म्हटलं की देण्याची तारीखही आपली, मापही आपलं, आणि घेणाऱ्यानं वर आभार मानायचे. पुढच्या वेळी कुठे सत्कार दिसला, शाल-श्रीफळ दिसलं, तर एवढं विचारून पाहा, की या माणसाचं काही येणं बाकी आहे का? आणि मोठ्या मनानं जमीन, घर, नोकरी वाटताना कोणी दिसलं, तर विचारा की हे कोणाच्या ताटातलं आहे. हे प्रश्न विचारल्यानं समारंभाचा बेरंग होतो, हे आम्हाला अनुभवानं माहीत आहे. तरी विचारा.

मार्टिन १८५० मध्ये वारला, नव्वदीच्या उंबरठ्यावर. त्याच्या थडग्यावर, तो क्रांतियुद्धातला एक सैनिक होता, एवढंच कोरलेलं आहे. जमिनीचा उल्लेख नाही. पुस्तक मिळालं तर जरूर वाचा, आणि आमची एक विनंती, सुरुवात शेवटच्या प्रकरणापासून करा. मग पहिल्या पानापासून. भूक लागलेला माणूस किती विनोदी लिहू शकतो तेही कळेल.

पुढच्या व्याख्यानात लॉकच्या मालकीहक्काच्या सिद्धान्तावरच बोलू, आज तो अर्धवट राहिलाय. आता प्रश्न घेऊया.